ओठ हलवा, पिल्नामताई

माझे कान चांगले आहेत, हे मला लहानपणापासून लोकांनी इतक्यांदा सांगितलं की पुढे मी कानांवरच पोट भरलं. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या थोंग्यॉंग बंदरामागच्या चढावर माझा पियानोचा क्लास आहे, आणि गेली तीस वर्षं रविवारच्या उपासनेला आमच्या चर्चमध्ये पियानो मीच वाजवते. एकोणीस जणांच्या गायनमंडळात कोण कुठे घसरणार हे मला गाणं सुरू व्हायच्या आधीच ठाऊक असतं. पिल्नामताईंबद्दल लिहायचं तर या कानांपासूनच सुरुवात करायला हवी, कारण त्यांचं जे नुकसान झालं ते या कानांपायी झालं.

चॉन पिल्नाम ही घरातली चौथी मुलगी. पिल्नाम म्हणजे 'आता नक्की मुलगा'. बापाने मुलीचं नाव ठेवताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर सगळी पुढच्या खेपेवर. पुढची खेपही मुलगीच झाली. "देवाने बाबांचं ऐकलं नाही, आणि नाव तेवढं माझ्या गळ्यात राहिलं," असं सांगून ताई स्वतःच आधी हसायच्या, म्हणजे समोरच्याला अवघड होऊ नये.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्या धक्क्यावरच्या शेडमध्ये कालवं फोडायच्या. लांबलचक टेबलाच्या दोन्ही अंगांनी चाळीस बायका, डोक्याला रुमाल, हातात रबरी मोजे, आणि मध्ये कालवांचा डोंगर. सुरी खुपसायची, मनगट वळवायचं, मांस बादलीत, शिंपला खाली. तासाभरात पाय गारठून जातात. मग कोपऱ्यातून पिल्नामताईंचं गाणं सुरू व्हायचं. चर्चचंच, दुसरं त्यांना येतच नव्हतं. शेडमधल्या निम्म्या बायका बुद्धाच्या देवळात जाणाऱ्या, पण त्याही गुणगुणायच्या. तेवढाच हात चालतो, म्हणायच्या.

आवाज मोठा होता, जाड होता, आणि जिथे असायला हवा तिथून अर्धा सूर खाली होता. शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या रेंगाळायच्या. सगळे पुढच्या ओळीवर पोचले तरी ताई मागच्या ओळीला निरोप देत उभ्या. मी पियानोवर दात आवळून बसायची. पण पुस्तक मात्र त्यांना कधी लागलं नाही. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला की बाकीचे पानं उलटत बसायचे आणि ताईंची पहिली ओळ तोंडात तयार असायची. वाचायलासुद्धा त्या लग्नानंतर शिकल्या, आणि शिकल्या त्या गीतांच्या पुस्तकावरूनच.

ते पुस्तक एकदा समुद्रात गेलं होतं. त्यांचे यजमान दाल्सूभाऊ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि तरुणपणी प्यायचे. बायकोने देवाचं नाव काढलं की घरात भांडी उडायची. एका रविवारी त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक हिसकावलं आणि धक्क्यावरून पाण्यात भिरकावलं. ताई म्हणे तशाच चर्चला आल्या आणि सगळी गाणी पाठ म्हणाल्या. पुढे भाऊंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, दारू सुटली, आणि माणूस असा काही मवाळ झाला की दर रविवारी स्वतःच्या निळ्या ट्रकमधून बायकोला चर्चला सोडू लागला. पण उतरायचा नाही. आमच्या गायनमंडळाच्या खिडक्यांसमोर जिन्कोचं झाड आहे, त्याखाली ट्रक लावून उपासना संपेपर्यंत आतच बसायचा. "या की आत," कोणी म्हटलं तर म्हणायचे, "बुटांना ग्रीस आहे." नवे बूट घातले तेव्हाही ग्रीसच होतं.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने वर्षाचं मागणं चिठ्ठीवर लिहून मागच्या फळ्यावर लावायचं असतं. मुलाची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, गुडघे. पिल्नामताईंची चिठ्ठी सत्तावीस वर्षं एकच होती: 'दाल्सूला दारातून आत आण.' या काळात चार पाळक बदलले, छप्पर बदललं, चिठ्ठी नाही बदलली.

"ताई, आता छापूनच घ्या," स्वयंपाकघरातल्या बायका चिडवायच्या.

"देवाला कधीच पाठ झालंय गं," ताई म्हणायच्या. "म्हाताऱ्यालाच होत नाही."

हसायच्या, पण त्या चिठ्ठीवर त्यांचा जीव होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना दुसरं काही हवंय असं मी तरी कधी ऐकलं नाही.

आता माझं. आमच्या भागातल्या चर्चांची दर वसंतात जिंजूला गायनस्पर्धा होते. आम्ही अकरा वर्षं जात होतो आणि अकरा वर्षं सहभागाचे टॉवेल घेऊन परतत होतो. माझ्या घरात अंग पुसायला दुसरा टॉवेल नव्हता. त्या वर्षी मी हट्टाला पेटले. चार आवाजांची एक अवघड रचना निवडली. तिच्यामध्ये एक जागा अशी होती की पियानो थांबतो आणि नुसते आवाज उरतात, अगदी हळू. तालमीत ती जागा आली की एक आवाज खाली बसायचा आणि रेंगाळायचा. दर वेळी.

गायनमंडळाचे संचालक डॉक्टर मा. पेशाने दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायची सवय, तोंडावर बोलायची नाही. "बाई, तुम्हीच सांगा," ते मला म्हणाले. "बायकाबायकांत बरं पडतं."

रविवारी जेवणं झाल्यावर मी आणि ताई मोरीवर भांडी घासत होतो. समुद्री शेवाळाच्या सूपचे वाडगे, दीडशे तरी असतील.

"पिल्नामताई, स्पर्धेच्या गाण्याचं जरा बोलायचं होतं."

"मी मागे ओढते, तेच ना? माहितीये मला. या वेळी बघा कशी पळते तुमच्याबरोबर."

"तसं नाही. तुम्ही आता आवाज नका काढू. नुसते ओठ हलवा."

त्यांच्या हातातला वाडगा नळाखाली तसाच राहिला आणि पाणी वाहत राहिलं. "मुळीच नाही?"

"मुळीच नाही. शब्द सगळे म्हणायचे, पण मनात."

"इतका वाईट आहे का हो?"

इथे मला खरं सांगता आलं असतं, की ताई, वाईट नाही, उतरलेला आहे, आणि मला या वर्षी टॉवेल नकोय. मी म्हणाले, "गाणं नाजूक आहे."

"देवाला चालेल ना पण?"

"देव मनातलं ऐकतो, ताई."

हे वाक्य सुचल्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वाडगा विसळून पालथा घातला. "मला सोपंच झालं की. शब्द तर पाठच आहेत."

मी 'आता आवाज काढू नका' म्हणाले. 'स्पर्धेपुरता' असं म्हणाले नाही. माझ्या मनात ते स्पर्धेपुरतंच होतं, आणि त्या वेळी ते खरंही होतं.

स्पर्धा शनिवारी दुपारी होती. आम्ही सगळे बसने गेलो. ताईंना सकाळी शेडमध्ये सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्या मागून ट्रकमधून आल्या. धावतपळत मंडळाचा झगा चढवला. अंगाला कालवांचा वास येत होता, शेजारणीने नाकाला रुमाल लावला. जिंजूचं चर्च मोठं, आमची तीन चर्चं मावतील एवढं. माझा पियानो बाजूला होता आणि मला मंडळाचे चेहरेही दिसत होते आणि सभागृहही.

पहिलं कडवं संपता संपता मला मागच्या रांगेत दाल्सूभाऊ दिसले. खांबाशेजारी, मुलीच्या लग्नात शिवलेला तपकिरी कोट, टोपी काढून मांडीवर धरलेली. दारातून आत येऊन बसलेले होते.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनाही दिसले होते. ओठ हलायचे थांबले, चेहरा एकदम लाल झाला, आणि छाती भरून आली. गाणाऱ्या माणसाचा श्वास मला कळतो. तो श्वास आवाज काढण्यासाठी घेतलेला होता. पुढे तीच जागा येत होती, पियानो थांबण्याची. ताईंनी माझ्याकडे बघितलं. शाळेतली मुलगी हात वर करून बघते तसं. विचारत होत्या.

मी मान हलवली. अगदी थोडी, कोणाला दिसणार नाही अशी. नाही.

ताईंनी श्वास सोडला आणि पुन्हा ओठ हलवायला लागल्या. ती जागा इतकी स्वच्छ झाली की सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. आमचा दुसरा नंबर आला. काचेचा चषक मिळाला. डॉक्टर मा रडले. टाळ्या संपल्यावर मी मागे पाहिलं तर खांबाशेजारची जागा रिकामी होती. ताई बाहेर गेल्या तेव्हा ते ट्रक सुरू करून बसले होते.

पुढच्या रविवारी पहिल्याच गीतात मला कळलं की ताई गात नाहीयेत. ओठ बरोबर हलत होते, शब्दाला शब्द. आवाज नव्हता. मी मनाशी म्हटलं, उपासना संपली की सांगू, ताई, ते झालं आता, म्हणा मोकळ्या गळ्याने. मग गीत पुढे गेलं आणि मला ऐकू आलं की आमचं गायनमंडळ किती छान बसलंय. सगळे ओळीच्या शेवटी एकदम थांबत होते. उपासना संपल्यावर डॉक्टर मा म्हणाले, "बाई, काय सूर लागलाय." मी काही बोलले नाही. तो रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला. विसरले असं नाही. दर रविवारी मला आठवत होतं.

अशी चार वर्षं गेली. ताई तालमीला सगळ्यांच्या आधी यायच्या, झगे धुवायला घरी न्यायच्या, इस्त्री करून आणायच्या. बाजारात एकदा शेडमधली एक बाई मला भेटली. देवळात जाणारी, तोंडाची फटकळ.

"तुम्ही लोकांनी पिल्नामच्या तोंडाला कुलूप लावलंय का?" तिने विचारलं. "हल्ली शेडमध्ये पण गप्प असते. म्हण म्हटलं तर म्हणते, बेसूर आहे मी, मला माहीतच नव्हतं. हे कोणी शिकवलं तिला?"

"वय झालं आता," मी म्हणाले आणि मुळे घेऊन घरी आले.

दाल्सूभाऊ आता थांबत नसत. ताईंना फाटकाशी सोडायचे आणि ट्रक वळवून बंधाऱ्याकडे गळ टाकायला जायचे. जिन्कोखालची जागा मोकळी असायची, तिथे पाळकसाहेब आपली गाडी लावू लागले. स्पर्धेनंतरच्या पहिल्याच नव्या वर्षाच्या चिठ्ठीवर ताईंनी एक शब्द जास्त लिहिला होता: 'दाल्सूला दारातून परत आत आण.' कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

चौथ्या वर्षी दाल्सूभाऊंच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. फार उशिरा कळलं. आम्ही चौघं पाळकसाहेबांबरोबर हॉस्पिटलात गेलो, खाटेशी छोटी उपासना करायला. आजाऱ्यापाशी गीत म्हणायचंच असतं. आम्ही चौघांनी चार आवाजांत म्हटलं, हळू, नीट. पिल्नामताई नवऱ्याचे पाय चेपत उभ्या होत्या आणि ओठ हलवत होत्या. दाल्सूभाऊ आमच्याकडे बघतच नव्हते, सगळा वेळ बायकोच्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुखत असेल, असं मला वाटलं. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले.

तीन आठवड्यांनी मी भोपळ्याची पेज करून त्यांच्या घरी गेले. ताईंनी मला जमिनीवरच्या गरम जागेवर बसवलं, बैठं टेबल मांडलं, दोन वाडग्यांत पेज वाढली. इकडचं तिकडचं झालं. मुलगी उल्सानला ये म्हणते, पण तिथे समुद्राला वासच नाही, वगैरे. मग त्या म्हणाल्या, "बाई, जिंजूला हे आत आले होते, आठवतंय?"

"आठवतंय."

"मी बोलावलं नव्हतं हो. ट्रकमधून उतरताना आपणच म्हणाले, इथे ओळखीचं कोणी नाही, बसतो जरा मागे. सत्तावीस वर्षं मागितलं ते असं वाटेत मिळालं."

मी पेजेत चमचा फिरवत राहिले.

"हॉस्पिटलात तुम्ही मंडळी येऊन गेलात ना, त्या संध्याकाळी मला म्हणाले, जिंजूला मी आत आलो, तू मला बघितलंस आणि गायची थांबलीस. मला वाटलं, लाज वाटली तुला माझी. पुस्तक पाण्यात टाकणारा माणूस कशाला आत आला, असं झालं असेल. म्हणून पुन्हा आलो नाही, म्हणाले. आणि आजही माझ्यासमोर तुझ्या तोंडून आवाज निघेना."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, अहो, मला आवाज काढायचा नाही असं सांगितलंय. तर म्हणाले, उगाच माझी समजूत घालू नकोस. तुझ्यासारख्या बाईला असं कोण सांगेल? रविवारी ट्रकची काच खाली करून मी काय झाडाची पानं मोजत होतो का? सगळ्यांत वेगळा ऐकू येतो तुझा आवाज." ताई हसल्या. "म्हाताऱ्याला कान कुठले. जन्मभर इंजिनं ठोकून बहिरा झालेला."

"मग पटलं त्यांना?"

"नाही ना. मी परत दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणाले, असं आहे तर म्हणून दाखव. इथे तर कोणी अडवत नाही." त्यांनी टेबलावरून उगाच फडकं फिरवलं. "मला धीर झाला नाही, बाई. मनात म्हटलं, ह्यांना एकट्यालाच माझा आवाज चांगला वाटतो. आता जाता जाता ह्यांनाही कळायचं, की कसा आहे ते. म्हणून गप्प बसले. त्यांना काय वाटायचं ते वाटलंच."

मला गप्प राहता आलं असतं. चार वर्षं जमलं होतं, पुढेही जमलं असतं. पण त्या बाईने माझ्या वाडग्यात आणखी पेज वाढली आणि मी चमचा खाली ठेवला.

"ताई, मी ते त्या एका दिवसापुरतं म्हणाले होते."

"कुठलं?"

"ओठ हलवायचं. जिंजूनंतर तुम्ही गायला हवं होतं. तुम्ही गात नाही हे मला पहिल्याच रविवारी कळलं. मी सांगितलं नाही."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"का हो?"

"ऐकायला बरं वाटत होतं."

मला वाटलं, आता त्या रागावतील. रागवाव्यात असं वाटत होतं. वाडगा फेकून मारला असता तरी मी बसून राहिले असते. पण त्या कसलासा हिशेब लागत नसल्यासारख्या कपाळाला आठ्या घालून बसल्या.

"म्हणजे एका दिवसापुरतं," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे कायमचं गप्प बसावं इतका काही वाईट नव्हता आवाज."

"नव्हता, ताई."

"मग हॉस्पिटलात म्हणायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "ह्यांनी विचारलं तेव्हा."

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्या उठल्या. मोरीवर जाऊन उरलेली पेज त्यांनी स्वतःच्या पातेल्यात काढली, माझं भांडं घासलं, पुसलं, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या घरून माझं भांडं कधी तसंच परत आलं नव्हतं. काहीच नसलं तरी चार कालवं, मुळ्याची किमची, निदान दोन संत्री असायचीच. त्या दिवशी मी ते रिकामं भांडं घेऊन चढ चढले.